एकाच पुस्तकाला दोन चिठ्ठ्या

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समागच्या हिरवळीवर मंडळी खुर्च्या टाकून उन्हात बसली होती. तीळगुळाच्या गजकची ताटली फिरत होती. स्वरूपाचं लक्ष मात्र मोबाईलवर होतं. संध्याकाळच्या आत संपादक सुधन्वाला उत्तर द्यायचं होतं. तिच्या पहिल्या कादंबरीचा मधला संथ भाग कापला, तर ती मार्चमध्ये रहस्यकथा म्हणून निघणार होती. नाही कापला, तर त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक.

स्वरूपा भौतिकशास्त्र शिकलेली. मनाला सुटत नाही ते प्रयोगाला विचारावं, ही तिची खोड. या मराठी वाचक मंडळींच्या पुस्तकांच्या दोन पिशव्या घरोघर फिरत, एक आर. के. पुरममध्ये, दुसरी सरोजिनी नगरात. मळू नयेत म्हणून सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हर आणि वर प्रकाराची चिठ्ठी. लोक चिठ्ठी बघूनच पुस्तक उचलत. कव्हरं घालायचं काम स्वरूपाकडेच होतं. संथपणा पुस्तकात आहे की चिठ्ठीत, हे बघायला तिनं कादंबरीच्या दोन प्रती बिननावाच्या बांधून घेतल्या, एकीवर 'रहस्य' चिकटवलं, दुसरीवर 'कौटुंबिक', आणि दोन पिशव्यांत सोडून दिल्या. गोष्ट साधी: नवरा सकाळी दूध आणायला जातो तो परतत नाही, बायको वाट बघते, आणि शेवटच्या प्रकरणात एका सकाळी तो येतो.

आज पिशव्यांची अदलाबदल होती.

"हे रहस्य ज्यानं लिहिलं ना, त्याला आधी सस्पेंड करा," विलासकाकांनी तोंड उघडलं. मंत्रालयातून निवृत्त झाले तरी त्यांची भाषा फाइलीतलीच होती. "माणूस गायब, अच्छा. मग? बाई लोणचं घालते! अर्धं पुस्तक संपलं तरी पोलीस नाही, प्रेत नाही. मी तर बरणीतही प्रेत शोधलं, यार!"

सगळे हसले. स्वरूपाही हसली.

"लोणचं?" सरोजिनी नगरच्या चेतनावहिनींनी मान वर केली. "आमच्याही कादंबरीत आहे. पण ती कौटुंबिक. आणि उलटंच, पहिल्याच पानावर नवरा गायब! अहो, त्याची ओळख तरी होऊ द्या. सासू नाही, नणंद नाही, एवढी कसली घाई?"

"दूध आणायला जातो का?" काकांनी सावधपणे विचारलं.

"हो. किटली घेऊन."

दोन्ही पुस्तकं उघडली गेली. पहिली ओळ तीच.

"कुणाचा हा चावटपणा?"

"माझा," स्वरूपा म्हणाली. "चिठ्ठ्याही माझ्या आणि पुस्तकही."

काका खाकरले. "अगं, आधी नाही का सांगायचं! संथ म्हणजे... वातावरण होतं त्यात."

"आणि वेग तर बिल्कुल छान," वहिनी म्हणाल्या.

स्वरूपाला संताप आला. आत्ताच हाताशी काहीतरी खरं लागत होतं, त्यात यांनी साखर ओतली. प्रयोग नासला.

"मी नाही हं गोड बोलणार," मटार सोलत बसलेल्या चंद्रप्रभाकाकू म्हणाल्या. त्या विलासकाकांच्या पत्नी. "यांचं झाल्यावर मी वाचलं. रहस्य म्हणूनच घेतलं, पण लोणच्यापाशी हे रहस्य आहे हेच मी विसरले. ती पानं मी दोनदा वाचली. पण तो परत येतो, ते खोटं आहे. पुस्तकभर बाई त्याच्यावर धुमसते, आणि तो आला की मुकाट चहा टाकते? कुणाला खूश करायला आणलंस गं त्याला?"

सुधन्वाला. 'वाचकाला उकल लागते,' असं तो म्हणाला होता, म्हणून एका रविवारी तिनं ते प्रकरण उरकलं होतं.

त्याचाच फोन वाजला. ती कुंपणाशी गेली.

"मधला भाग राहील," ती म्हणाली. "शेवटचं प्रकरण काढते."

"अगं, मग तो गेला कुठे?"

"ते तिलाही कळत नाही."

"मग हे रहस्य कसलं? मार्चची जागा जाईल, स्वरूपा. आणि पुस्तकावर प्रकार काय लिहू?"

"माहीत नाही."

पलीकडे उसासा. "बरं. मग मार्च विसर."

फोन बंद झाला. मागे ऊन सरकलं म्हणून खुर्च्या ओढल्या जात होत्या. तिनं पुन्हा सुधन्वाचा नंबर काढला, अंगठा अधांतरी धरला. मग फोन खिशात टाकून, तो आलाच नाही तर त्या सकाळी बाई काय करेल याचा विचार करत ती कुणाचाही निरोप न घेता फाटकाकडे चालू लागली.