पिवळ्या खोलीतला थर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एक बिनखिडकीची खोली होती. तिथं दिवसभर पिवळाच उजेड असायचा, कारण उन्हाची तिरीप लागली तरी काचेवरचा गोंद घट्ट व्हायला लागे. सकाळी नऊला दाक्षायणी आत शिरली, की बाहेर ऊन चढतंय का कलतंय, काही कळायचं नाही. जेवायच्या सुट्टीत ती दाराबाहेर यायची तेव्हा पिवळ्याला सरावलेल्या डोळ्यांना सगळं आवार घटकाभर निळं दिसायचं. लिंबाचं झाड, सायकली, मैत्रिणींचे चेहरेसुद्धा. तिला ते फार आवडायचं. डबा न उघडता ती तशीच बघत बसे.

काम नाजूक होतं. काच यंत्रावर निजवायची. यंत्राचं लांब फटीचं तोंड वरून खाली यायचं, त्यातून काकवीसारखा दाट पण पाण्यासारखा नितळ गोंद उतरायचा आणि काच सावकाश पुढं सरकायची. अर्ध्या मिलिमीटरचा थर, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा. मग त्यावर डिस्प्ले टेकवायचा.

त्या आठवड्यात मोठ्या काचा आल्या आणि काम बिघडलं. प्रत्येक डिस्प्लेच्या एका कडेला बारीक बुडबुड्यांची रांग उठायची. इंजिनिअर शरणबसव तीन दिवस काच सरकायचा वेग कमीजास्त करत होते. बुडबुडे काही हटेनात.

दाक्षायणी मात्र वाकून, काचेच्या पातळीत डोळा आणून बघत राहिली होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "साहेब, गोंद नीट टेकायच्या आधीच काच पळतीया."

"म्हणजे कसं, अक्का?"

"बघा की. गोंद मधी पोचला, पण दोन्ही कडंला पसरला न्हाय. तेवढ्यात आपण काच सोडतो. सुरुवातीलाच थर पातळ पडतो, आन् हवा तितंच अडकती."

"मग किती थांबायचं?"

तिला आकडा सांगता येईना. "मी हात वर करते, तवा सोडा," ती म्हणाली.

तोंड खाली आलं. गोंदाचा थेंब काचेला टेकला, पसरला, हळूहळू दोन्ही टोकांना पोचला. फटीखाली एक चकचकीत सरळ रेघ उमटली. श्वास रोखून दाक्षायणीनं हात वर केला. काच निघाली. काचेची शेवटची कड जवळ येताच ती पुटपुटली, "आता पंप बंद. राहिलेला येतोय आपोआप."

डिस्प्ले टेकवला, गोंद पक्का केला आणि वीज दिली. पडद्यावर हिरवं रान उमटलं. बुडबुडा एकही नव्हता. काच कुठं आहे तेच दिसेना, म्हणून तिनं बोट लावून पाहिलं.

शरणबसव घड्याळ बघत हसले. "पावणेदोन सेकंद, अक्का. उद्यापास्नं नव्या दोघींना तुम्हीच शिकवायचं."

संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी तिचा डोळा लागला. झोपेत काहीतरी संथ, नितळ पसरत होतं. त्याला काठ नव्हता. फोन वाजला तेव्हा तिचा सात रस्त्याचा थांबा मागं पडला होता.

"कुटं हायस?" नवरा सिद्धराम विचारत होता.

"लई पुढं आले," ती म्हणाली, आणि पुढच्या थांब्यावर उतरून, काही घाई नसल्यासारखी, चालत माघारी निघाली.