मास्तरांच्या डोळ्यांचा दोष

इदालमिसने नवा मॉनिटर लावला फेब्रुवारीत, आणि लिओमास्तरांच्या प्रिंट 'काळ्या' यायला लागल्या मार्चपासून. हे दोन महिने शेजारी शेजारी ठेवून बघायला फार अक्कल लागत नाही, आणि इदालमिसला ती होती. पण मॉनिटर तिच्या मामेबहिणीने, यामिलाने, परदेशातून, टॅम्पाहून पाठवलेला. सत्तावीस इंची, अख्ख्या सिएनफुएगोस शहरात कुणाकडे नसेल असा. मास्तर मात्र एकोणसत्तर वर्षांचे आणि इथलेच. दोघांपैकी एकाचं चुकतंय म्हटल्यावर तिने कुणाला धरलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

इदालमिस मुलींच्या पंधराव्याचे फोटो काढायची. आपल्याकडे मुलीला पंधरावं लागलं की आई एक वेळ घरातला पंखा विकेल, पण अल्बम केल्याशिवाय राहणार नाही. सहा झगे, समुद्राकाठी चार ठिकाणं, मुकुट, छत्री, केसांत फुलं, सगळं साग्रसंगीत. इदालमिस फोटो काढायची, घरी पडद्यावर मुरमं पुसायची आणि फायली नेल्सनच्या दुकानात न्यायची. तिथे छपाईच्या यंत्रावर लिओमास्तर बसायचे. तरुणपणी ते सरकारी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत रंगीत फोटो धुवायचे. ओल्या कागदाकडे एकदा बघून कुठला रंग चिमूटभर जास्त झालाय ते सांगायचे. इदालमिस एकोणीस वर्षांची असताना त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

मार्चमधला तो दिवस असा. मारबेलिस नावाची एक बाई आपल्या मुलीला, लियानेतला, घेऊन दुकानात आली. इदालमिस तिथेच होती. मारबेलिसने अल्बमची पहिली प्रिंट बघितली आणि टेबलावर टाकली.

"ही माझी पोर? कोळशाच्या वखारीतून उचलून आणल्यासारखी दिसतेय. इदालमिस, तुझ्या घरी पडद्यावर कशी गोड दिसत होती गं. गव्हाळ. माझी लियानेत गव्हाळ आहे, कुणालाही विचार."

मास्तरांनी प्रिंट उचलली, लियानेतला खूण करून दारात उन्हात नेलं आणि प्रिंट तिच्या गालाशेजारी धरली.

"ये, बघ," ते इदालमिसला म्हणाले.

इदालमिसने पाहिलं. कागदावरचा गाल आणि मुलीचा गाल यांत काडीचा फरक नव्हता. तोच गडद, तुकतुकीत तपकिरी रंग. लियानेतही मान वाकडी करून कागदाकडे बघत होती आणि तिला तो आवडलेला दिसत होता. पण मागे मारबेलिस कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तिच्या दोन बहिणींच्या मुली पुढच्या वर्षी पंधराच्या होणार होत्या. इदालमिसच्या तोंडून निघून गेलं:

"पडद्यावर असं नाहीये, मास्तर. तुमचे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

मास्तरांनी प्रिंटकडे पाहिलं, इदालमिसकडे पाहिलं, पुन्हा प्रिंटकडे पाहिलं. "असेल, पोरी," ते म्हणाले. यंत्रामागे उभ्या असलेल्या नेल्सनने ते ऐकलं. मालकाच्या कानाला असल्या गोष्टी बरोबर ऐकू येतात. पुढच्या सोमवारपासून मास्तरांना त्याने 'थोडे दिवस विश्रांती' घ्यायला सांगितलं आणि यंत्रावर आपल्या जावयाला, यास्मानीला, बसवलं.

लिओमास्तर कुणाशी भांडले नाहीत, तेच इदालमिसला जास्त खात होतं. भांडले असते तर तिनेही चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाली असती. ते दवाखान्यात जाऊन आले असं तिच्या कानावर आलं. डॉक्टरने डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं, तर मास्तर म्हणाले म्हणे, "अक्षरं वाचता येतात हो. रंगाचं तुम्हाला काय कळतं? इदालमिसला कळतं. तिला मी शिकवलंय."

मग जूनमध्ये एकदा ती भाजीच्या हातगाडीपाशी उभी होती. तिच्यापुढे तीन माणसं सोडून मास्तर. त्यांनी एक टोमॅटो उचलला, उन्हात धरला आणि गाडीवाल्याला विचारलं, "पिकलाय का रे?"

"मास्तर, लालभडक आहे. आणखी काय पिकायचाय?"

"तसा दिसतोय खरा," मास्तर म्हणाले. "विचारलेलं बरं." तरीही त्यांनी तो परत ठेवून दिला.

इदालमिसला कांदे घ्यायचे होते, तशीच रिकाम्या हाताने घरी आली. नवऱ्याने विचारलं तर रांग फार मोठी होती म्हणाली. त्या दिवसांत ती अशा बारीकसारीक गोष्टींतही खोटं बोलायला लागली होती.

इकडे यास्मानीने गिऱ्हाइकांची नाडी ओळखली होती. येईल ती फाइल तो सरसकट उजळायचा. पोरी गव्हाळ निघाल्या, आया खूश झाल्या. पण झगे बिघडले. ज्या लेससाठी आजीने सहा महिने सुई चालवली, तिचं एक फूल फोटोत दिसेना. मुलीच्या मानेखाली नुसता पांढरा खड्डा. तक्रारी पुन्हा इदालमिसच्याच दारात आल्या. वैतागून तिने यामिलाला फोन लावला, आणि ऑगस्टमध्ये तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून एक लहानशी डबी आली. वायरला जोडलेली, तळाला काचेचा डोळा. सोबत यामिलाची चिठ्ठी: 'कागद आणि शाईला शिव्या देण्याआधी तुझ्या मॉनिटरचा रंग जुळव. हे पडद्यावर ठेव, बाकीचं ते बघेल.'

मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, पडदे ओढून घ्यायचे, असं सूचनांत लिहिलं होतं. विसाव्या मिनिटाला वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा सुरुवात केली. डबी काचेवर पालथी टेकवली. तिच्याखाली लाल, मग हिरवा, मग निळा, मग एकामागून एक राखाडी चौकोन येत गेले. मध्येच त्या डबीच्या प्रोग्रामने उजेड कमी कर म्हणून सांगितलं. तिने केला. आणखी कमी कर. आणखी. शंभरावरचा आकडा पंचविसापर्यंत खाली आला तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

शेवटी पडदा असा दिसायला लागला की कुणीतरी त्यावर पातळ चहा सांडलाय. वाटोळं झालं, तिला वाटलं. पण ती दहा मिनिटं तशीच बसली, डोळे सरावले, आणि मग तिने लियानेतची फाइल उघडली. त्या दिवशी टेबलावर पडलेली प्रिंट तिने घरी आणून खणाच्या तळाशी सारली होती. ती काढली, खिडकीचा पडदा सरकवला आणि मॉनिटरशेजारी धरली.

तोच गाल, तोच रंग. झग्याच्या लेसचं फूल न् फूल.

पडद्यावर खाली दोन बटणं होती, 'आधी' आणि 'नंतर'. तिने 'आधी' दाबलं. पडद्यावर निळसर गुलाबी झाक असलेली एक फिकट पोरगी आली. अशी मुलगी सिएनफुएगोसमध्ये कधी जन्मली नव्हती.

इदालमिसला पहिल्यांदा वाटलं ते, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं. म्हणजे दोष मॉनिटरचा होता. ती बिचारी त्याच्यावर विसंबली, कुणीही विसंबलं असतं. तिने कॉफीची पुडी घेतली, सायकल काढली आणि वाटेने वाक्य तयार केलं: मास्तर, मॉनिटर खोटं दाखवत होता. दोनतीनदा म्हणून पाहिलं. छान वाटत होतं. मनात एकच गोष्ट मध्येमध्ये डोकं काढत होती: मॉनिटर घरी होता, दुकानाच्या दारात तर नुसतं ऊन होतं. तिने पायडल जोरात मारलं.

मास्तर ओसरीत झुलत्या खुर्चीत बसले होते, अंगात नुसता बनियन. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबी, चौकोन, 'आधी', 'नंतर'.

"किती निळा होता?" त्यांनी विचारलं. कारागीर माणूस, आधी तेच विचारणार.

"खूपच. आणि उजेड हवा त्याच्या चौपट."

मास्तरांची खुर्ची थांबली. "म्हणजे माझं ठीक आहे."

"ठीक आहे, मास्तर. तुमची प्रिंट बरोबर होती."

ते शेजारच्या अंगणातल्या दोरीकडे बघायला लागले. "तो टॉवेल. निळा आहे, पण धुऊन धुऊन त्यात पिवळट शिरलाय. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तो सदरा हिरवा म्हणून विकला असेल, पण हिरवा नाही तो."

"नाहीच."

मास्तर हसले आणि बनियनचं टोक वर ओढून त्यांनी डोळे पुसले. "पाच महिने झाले, पोरी, मर्सेदेसचे फोटो बघितले नाहीत मी. वाटायचं, डोळे बिघडलेत. चुकीचाच रंग बघत राहिलो आणि तोच डोक्यात बसला तर? जी खरी आठवते तीही जाईल. म्हणून पेटी बांधून माळ्यावर ठेवून दिली." मर्सेदेस त्यांची बायको, जाऊन सात वर्षं झालेली. "आज काढतो खाली. बस तू. रडतेस काय? यंत्राने तुला फसवलं, त्यात तुझी काय चूक? आण ती पुडी, कॉफी टाकतो."

कॉफी आली. लहानशा कपात, साखर सढळ हाताने घातलेली. इदालमिसने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. माफी मिळाली होती, पण ती भलत्याच बाईला मिळाली होती. यंत्राने फसवलेल्या कुणा भोळ्या बाईला. आत्ता गप्प बसलं तर काम झालं होतं. मास्तर सोमवारी यंत्रावर बसतील, नेल्सनलाही मॉनिटरचीच गोष्ट सांगता येईल, आणि लोक उलट म्हणतील, बघा, किती मोकळ्या मनाने आपली चूक कबूल केली. आत मास्तर शिडी शोधत होते आणि शीळ घालत होते.

"मास्तर, जरा बाहेर या."

ते दारात आले.

"मला दिसलं होतं," इदालमिस म्हणाली. "त्या दिवशी, दारात. तुम्ही प्रिंट पोरीच्या गालाशी धरली तेव्हा. दोन्ही रंग एकच होते."

"तेव्हाच दिसलं?"

"तेव्हाच."

"मग?"

"मारबेलिस बघत होती."

मास्तरांनी चौकटीला हात टेकला. इदालमिसला वाटलं, ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच तिला वाटत होतं.

"डॉक्टर म्हणाला डोळे चांगले आहेत," ते शेवटी म्हणाले. "मला स्वतःलाही तसंच दिसत होतं. तरी मी तुझं ऐकलं, इदालमिस. माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवला." आजवर त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती, एकोणीस वर्षांची होती तेव्हापासून ती पोरीच होती.

"मला माफ—"

"ते नको आत्ता." ते आत गेले आणि सदरा घालून, बटणं लावतच बाहेर आले. "चल. हेच नेल्सनला सांग. मला सांगितलंस तेवढंच, वरती काही घालू नकोस."

वाटभर ती सायकल हातात धरून त्यांच्या मागून चालत राहिली.

दुकानात सहा माणसं होती. "रांगेत शेवटचं कोण?" तिने सवयीने विचारलं, एका म्हाताऱ्याने बोट वर केलं. पण ती रांगेत न थांबता सरळ टेबलाशी गेली. मास्तर दारातच उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.

"नेल्सन, माझ्या मॉनिटरमध्ये बिघाड होता," तिने सुरुवात केली. नेल्सनच्या चेहऱ्यावर लगेच समजूतदार भाव आला. ती थांबली.

"नाही. मॉनिटरचं राहू दे. मार्चमध्ये, याच दारात, मास्तरांची प्रिंट बरोबर होती. मी डोळ्यांनी बघितलं आणि तरी म्हटलं की त्यांचे डोळे गेलेत. मी खोटं बोलले."

यास्मानी यंत्रामागून मान काढून बघायला लागला. नेल्सन काही बोलायच्या आत रांगेतल्या एका बाईने विचारलं, "का गं? का बोललीस?"

ती आपल्या मुलीच्या पंधराव्याचे फोटो न्यायला आली होती, पाकीट छातीशी धरून. मायलेकी लियानेतच्याच रंगाच्या होत्या. इदालमिसला खाली बघायचं होतं, पण विचारणारी समोर होती.

"कारण त्या प्रिंटमध्ये पोरगी जशी आहे तशीच दिसत होती," ती म्हणाली.