कॉलरमावशींचा खांदा आणि मी

घाबरू नका, आवाज इकडून येतोय. खिडकीशेजारची, निळ्या गादीची, तोंड ठेवायला मधे भोक असलेली मालिशची खुर्ची. हो, मीच बोलतेय.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझी हाडं केली, वर स्पंज आणि रेक्झिन चढवलं. माझ्यावर बसायची रीत जरा वेगळी. इतर खुर्च्यांना माणसं पाठ टेकतात. मला छाती टेकतात, माझ्या भोकात चेहरा ठेवतात आणि जमिनीकडे बघत राहतात. दुकानात उभी होते तेव्हा आईबापांबरोबर आलेली मुलं त्या भोकातून जीभ काढून दाखवायची. मला वाटायचं, हाच आपला जन्मभराचा उद्योग!

मग एक दिवस वहिनी आल्या. शर्ट शिवायच्या एका कारखान्याच्या मालकांची ही सून. सासऱ्यांनी कारभार नुकताच त्यांच्या हाती दिला होता. दिवसभर यंत्रावर वाकून बसणाऱ्यांच्या पाठी कशा आखडतात, हे त्या बघत होत्या. त्यांनी मला घेतलं, मालिश करणाऱ्या एका ताईंना कामावर ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "दुपारी ज्याला वाटेल त्यानं येऊन बसावं. लाजू नका."

मी खूश! पण माझ्याकडे कुणी फिरकेच ना.

"माझी पाठ? ठणठणीत आहे!" बटणं लावणारी म्हणायची, आणि म्हणता म्हणता कमरेवर हात दाबायची. इस्त्रीवाले काका तर माझ्याजवळून जाताना मुद्दाम छाती काढून चालायचे. हळूहळू माझ्यावर जेवणाचे डबे ठेवले जाऊ लागले.

कारण मला उशिरा कळलं. मी यायच्या थोडं आधी एक मिस्त्री येऊन सगळी शिलाई यंत्रं तपासून गेला होता. जी कुरकुरत होती ती टेम्पोत घालून नेली, ती परत आलीच नाहीत.

"आधी यंत्रं, आता आपण," बटणवाली कुजबुजली. "जी त्या खुर्चीवर बसेल, तिचं नाव वहिनींकडे जाणार. कुरकुर केली की टेम्पो!"

सगळे हसले, पण हसताना माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

सगळ्यात जास्त घाबरल्या होत्या कॉलरमावशी. शर्टाची कॉलर त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे, म्हणून हे नाव. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. अंबाडासुद्धा रोज लेकच घालून द्यायची. फळीवरचं दोऱ्याचं रीळ हवं असलं की त्या बटणवालीला म्हणायच्या, "अगं, मी मेली बुटकी, जरा देतेस का काढून?" आणि उंचीनं तर त्या बटणवालीपेक्षा चांगल्या वीतभर जास्त! नवरा गेलेला, लेक शिकत असलेली, घर सगळं या कामावर. काम गेलं तर पुढे काय, हा घोर त्यांना आतून पोखरत होता.

इकडे ताई रिकाम्या बसून कंटाळल्या. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्यावरचे डबे उचलले, स्वतःच येऊन बसल्या आणि भोकातून ओरडल्या, "मावशी, तुम्ही तरी या हो! नुसतं बसून माझीच मान आखडली. जरा दाबता का?"

"अगं बाई, दाबायचं काम तुझं, आणि तुझी मान मी दाबू?" मावशी हसल्या. पण त्यांना नाही म्हणवेना. दुखणं दुसऱ्याचं असलं की त्या लगेच धावायच्या.

मावशींचा डावा हात ताईंच्या मानेवर छान बसला. उजवा उचलताना अर्ध्यातच अडला आणि घसरून खाली आला.

ताईंनी मान वर केली नाही. हळूच विचारलं, "उजवा कधीपासून असा?"

"कसा?"

"मावशी, माझ्या मानेला कळलं."

मावशींनी दाराकडे बघून घेतलं. मग एकदम म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस गं. काढून टाकतील मला."

ताई उठल्या आणि त्यांनी मावशींना माझ्यावर बसवलं. मावशींचा चेहरा भोकात आला, तसं खाली फरशीवर टपटप पाणी पडलं. ते फक्त मी पाहिलं. ताईंची बोटं खांद्याभोवती अगदी बेतानं फिरत होती. थोड्या वेळानं रडणं थांबलं आणि चक्क घोरणं सुरू झालं.

नेमक्या तेव्हाच वहिनी आत आल्या.

बटणवाली धावत आडवी गेली. "वहिनी, मावशींना काढू नका! त्यांची रिळं आम्ही काढून देऊ. हवं तर माझं नाव लिहा, माझी कंबर केव्हाची गेलीय!"

"आणि माझे गुडघे," मागून काका म्हणाले. "लिहा, लिहा."

वहिनी बघतच राहिल्या. "काढू? मावशींना? मग कॉलरी काय मी शिवू? माझी कॉलर बघितलीय का तुम्ही? कुत्र्याचा कान दिसतो!" टेम्पोची भानगड कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "अहो, यंत्रं नवी मिळतात. तुम्ही कुठून आणू?"

"हळू बोला," ताई म्हणाल्या. "झोपमोड होईल."

त्या दिवसापासून मला उसंत नाही. ताईंनी मावशींना डॉक्टरांकडेही पाठवलं. "माझ्या हातात काही जादू नाही," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम त्या मावशींकडून रोज करून घेतात. पूर्वी दुपारची शिवण वाकडी जायची, उसवायला ढीग पडायचा. आता ढीग लहान झालाय, चिडचिडही कमी झालीय. बोटांचा गुण आहेच, पण "कुठे दुखतंय?" असं कुणी विचारलं, की तिथेच निम्मी पाठ हलकी होते, असं मला आपलं वाटतं.

आता माझं रेक्झिन चिरलंय, एक पाय डुगडुगतो. काका बसले की मीच कण्हते. तक्रार नाही. एकच मागणं आहे. जिथे माणसं दिवसभर वाकून राबतात, तिथे माझ्या एखाद्या बहिणीला जागा द्या. कोपरा चालेल. आणि तिच्यावर पहिल्यांदा मालकानं बसावं, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल.

जाता जाता आजची गंमत सांगते. मावशी सकाळी आल्या त्या एका कानाकडे कललेला अंबाडा घेऊन. पिना चहूकडे बाहेर आलेल्या.

बटणवाली सोडते होय? "काय मावशी, आज लेकीचं लक्ष कुठे होतं? केवढा वाकडा घातलाय अंबाडा!"

मावशींनी हात वर नेऊन अंबाडा चाचपला. उजवा हात.

"लेक झोपली होती," त्या म्हणाल्या. "माझा मीच घातला."

दिवसभर तो अंबाडा तसाच वाकडा होता. सरळ करायला कुणीही पुढे झालं नाही.