बाहेरचं बटण

तिने मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली, पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला आणि हॉलमधून नवऱ्याचा आवाज आला.

"आता काय केलंस?"

"लाइट बंद केली. काम करतेय."

"वायरमनला बोलाव म्हणून सांगितलं होतं ना मी?"

ती बाथरूममध्ये गेली. पालथ्या बादलीवर टॉर्च ठेवून तिने भिंतीतून लोंबणाऱ्या तारांना टेस्टर लावून पाहिला. एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा. मगच पक्कड उचलली. जुन्या गिझरची हिरवी, अर्थिंगची तार भिंतीत अर्ध्यावरच तोडलेली होती, कशालाच जोडलेली नव्हती. इतकी वर्षं आपण या गिझरखाली उभं राहून अंघोळ केली, हे आता तिच्या लक्षात आलं.

लग्नाआधी ती पंख्यांच्या कारखान्यात वाइंडिंग करायची. केसासारख्या तारेचे वेढे ती न चुकता घाली, म्हणून नव्या मुलींना मुद्दाम तिच्या शेजारी बसवत. लग्न ठरल्यावर सासरच्यांनी नोकरी सोडायला सांगितली, तिने सोडली. हात मात्र काही विसरले नव्हते.

उन्हाळ्यात नवरा याच बाथरूममध्ये घसरून पडला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. ऑपरेशन झालं, वॉकर आला. न घसरणारी फरशी हवी, भिंतीला धरायला दांडे हवेत, बसून अंघोळ करता येईल अशी पक्की बैठक हवी, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून सगळंच उकरायला काढलं. गवंडी चांगला होता, पण काहीही विचारायचं झालं की तिला ओलांडून हॉलमध्ये जायचा. साहेब, टाइल्स कुठवर घ्यायच्या? साहेब, दांडा किती उंचीवर? पडल्यापासून बाथरूमचं तोंडही न पाहिलेले साहेब खुर्चीतून उत्तरं द्यायचे. गिझरच्या पॉइंटचा प्रश्न आला तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली,

"लाइटचं सगळं मी करणार आहे. ते मला विचारा."

गवंड्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब हसले.

"करू दे तिला. एक झटका बसला की बसेल गप्प."

बाथरूमला खिडकी नव्हती. दिव्याचं बटण बाहेर, पॅसेजच्या भिंतीवर. लग्न होऊन ती या घरात आली त्याच आठवड्यात नवऱ्याने पहिल्यांदा ते बाहेरून बंद केलं होतं. तिच्या तोंडाला साबण होता. बाहेर सासूबाई आणि नणंद खळखळून हसल्या होत्या, तो म्हणाला होता, "एवढा वेळ लागतो का अंघोळीला?" तीही ओले केस पुसत हसत बाहेर आली होती. नवी होती. पुढे हसणं संपलं, बटण राहिलं. त्याच्या मते पुरेशी अंघोळ झाली, की खट्. तिने ओरडून पाहिलं, विनवून पाहिलं, अबोला धरून पाहिला. एकदा अंधारात कढत पाण्याची बादली पायावर कलंडली आणि पाऊल भाजून निघालं. "जपून करावं जरा," एवढंच तो म्हणाला. मग ती अंधारातच अंघोळ करायला शिकली. साबण कुठे, तांब्या कुठे, सगळं तळहातासारखं पाठ झालं.

पाइपातून नव्या तारा ओढता ओढता तिला हे सारं आठवत होतं.

दुपारी तो वॉकर टेकत बाथरूमच्या दारापर्यंत आला.

"बटण आत घे. मला सारखं बाहेर हात घालायला जमणार नाही."

"पाण्याजवळ बटण नको. बाहेरच बरं."

"अगं, पण..."

"बाहेरच राहील."

तिने पेच पिळून घट्ट केला. ती म्हणत होती त्यात खोटं काहीच नव्हतं. हिरवी तार तिने नीट जोडली, गिझरला जाड तार घातली, कुठे करंट गळला तर आपोआप वीज तोडणारा स्विच बसवला. त्याच्या जिवाला काडीचाही धक्का लागायला नको होता. तिला तो आत बसलेला, पूर्ण शुद्धीवर हवा होता.

रविवारी सकाळी नव्या बाथरूममध्ये त्याची पहिली अंघोळ झाली. तिने त्याला बैठकीवर नीट बसवलं, साबण हाताशी ठेवला, गरम पाण्याचा नळ सोडून दिला आणि दार लोटून घेतलं. पॅसेजमध्ये उभी राहिली. आत पाणी वाहत होतं. तो बेसूर काहीतरी गुणगुणत होता.

तिने बटण दाबलं.

गुणगुणणं थांबलं.

"अगं, लाइट गेली."

"गेली नाही. मी बंद केली."

"का?"

"पुरे झाली अंघोळ."

"थट्टा कसली करतेस? डोळ्यांत साबण गेलाय माझ्या. लाव."

"तुम्ही असंच करायचात."

"काय करायचो?"

"मी आत असले की बाहेरून लाइट बंद."



"मी? काहीतरीच. कधी?"

त्याचा खोटं बोलतानाचा आवाज तिला चांगला ओळखीचा होता. तेव्हा तो भरभर बोलायचा, समोरच्यालाच दोष द्यायचा. हा आवाज तो नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

तिचा हात बटणावर गेला. तिथेच थांबला. मग तिने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, दाराला लावून ठेवलं आणि त्यावर बसली.

"आठवत नसेल तर मी सांगते," ती म्हणाली. "सांगून झालं की लावते."

"थंडी वाजेल मला."

"गिझर चालू आहे. पाणी घेत राहा अंगावर."

कुठून सुरुवात करावी ते तिला लगेच सुचेना. साबणाचा दिवस, भाजलेलं पाऊल, सगळं एकदमच पुढे येऊ लागलं. ते तिने बाजूला सारलं.

"माझे बाबा गेल्याचा फोन आला, त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं," तिने सुरुवात केली. "रडायला जागा नव्हती. म्हणून मी आत गेले आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला."

आतला नळ बंद झाला.

तिला ऐकू यावं म्हणून त्याने तो बंद केला, की पाणी वाया जात होतं म्हणून, ते तिला कळेना. आतून आता त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मग तुम्ही पॅसेजमध्ये आलात," ती म्हणाली.