दारातला बूट

कोल्ड स्टोरेजमध्ये पैलवान एकाच पायात बूट घालून काम करायचा. दुसरा बूट दारात. दार मिटू नये म्हणून.

मागच्या महिन्यात तो आत माशांची खोकी रचत होता. त्याचा जोडीदार रेडिओ, तोंड कधी बंद नसतं म्हणून रेडिओ, त्याला वाटलं आत कुणी नाही. त्यानं बाहेरून दार लोटलं. आतून उघडायला खटका असतो, पण त्यावर बर्फ धरलेला. पैलवान ओरडला, लाथा घातल्या. एवढं जाड दार, आवाज जाणार कुठे? बोटं बधिर झाली, मग ओठ, मग ओरडणंच सुचेना. जेवणाच्या सुट्टीत तो दिसला नाही, तेव्हा शोधाशोध झाली.

खटका दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. पैलवान काही झाला नाही. एवढा धिप्पाड गडी, पण दार मिटलं की छातीत धडधड, घाम. घरीसुद्धा तेच.

"अहो, आंघोळ तरी दार लावून करा! सासूबाई आहेत घरात," बायको ओरडायची.

आणि एक दिवस बुटाच्या फटीतून ऊब शिरली, माशांच्या खोक्यांच्या अख्ख्या रांगेतला बर्फ वितळला. सुपरवायझर ताईंनी त्याला बाजूला घेतलं.

"या वेळी सांभाळून घेतलं. पुन्हा दार उघडं सापडलं तर वर कळवावं लागेल, मग नोकरीचं माझ्या हातात नाही. कंपनीनं मनातलं बोलायला बाई ठेवल्यात ना? जा की त्यांच्याकडे. पगार कापत नाहीत, बोललेलं बाहेर जात नाही."

"ताई, मी काय वेडा आहे?"

"मी आहे का? आई गेली तेव्हा तिथेच बसून रडले मी."

पैलवान दुसऱ्या दिवशी गेला.

बाईंची खोली बोळाच्या टोकाला, खिडकी नाही. बाई हसून म्हणाल्या, "बसा, निवांत बोलू," आणि दार ओढलं. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून दाराला रबर लावलेलं. फस्स!

कोल्ड स्टोरेजच्या दाराचा तोच आवाज. अगदी तोच.

पैलवानाला हवाच मिळेना. खुर्ची आडवी झाली, बाईंचा पाण्याचा ग्लास उडाला, आणि तो दार उघडून बोळात. भिंतीला टेकून धापा टाकतोय तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काय रे, आत वाघ आहे काय?"

रेडिओ! रिकाम्या खोक्यावर बसून डबा खात होता. झालं. रेडिओला कळलं म्हणजे गावाला कळलं.

बाई दारात आल्या. "दार उघडं ठेवूया का?"

"मग सगळे ऐकतील," पैलवान कसंबसं म्हणाला. इकडे आड, तिकडे विहीर. परत जावं तर कोल्ड स्टोरेजचं दार, थांबावं तर हे.

रेडिओनं त्याच्याकडे पाहिलं. घामानं भिजलेला शर्ट. त्याचं हसू विरलं. त्यानं डबा खाली ठेवला, वाकून स्वतःचा बूट काढला आणि दारात घट्ट बसवला.

"माझाच राहू दे. तुझ्या बुटाच्या वासानं बाई नोकरी सोडतील."

"आणि तू इथेच बसणार?"

"बसणार. गाणार. कोण माईचा लाल इकडे फिरकतो बघू."

दाराकडे पाठ करून तो गायला लागला. काय तो सूर! बोळात दोघं-तिघं होती ती कानांवर हात ठेवून पळाली.

पैलवान खुर्चीच्या कडेवर टेकला. भीती गेली नव्हती. बाईंकडे न बघता तो बुटाच्या फटीकडे बघत राहिला. बोळातला उजेडाचा पट्टा होता तिथे. होता अजून.

"बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी मला वाटलं, आता कुणी येणारच नाही."

बाहेरचं गाणं एकदम थांबलं.

मग दुप्पट मोठ्यानं सुरू झालं.