उंबरा नसलेलं न्हाणीघर

"हं, उचल," बाबा म्हणाले आणि दोघांनी एकदम जोर लावला. आईने पाय धरले होते. बाबांनी काखेत हात घालून मासोळीला छातीशी आवळलं होतं. ती टबाच्या काठापर्यंत वर आली आणि तिथेच बाबांचे हात सुटले. मासोळी धपकन पाण्यात पडली. आई नखशिखांत भिजली. मासोळीला वाटलं हा खेळच आहे. ती खिदळत राहिली. आईलाही हसू येणार होतं. तेवढ्यात तिने पाहिलं, बाबा भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसले होते, आणि त्यांच्या कपाळावरचं पाणी टबातलं नव्हतं.

छातीतलं दुखणं औषधांवर निभावलं. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं, यापुढे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. मुलीचं तर नावच काढू नका.

मासोळी त्यांची एकुलती एक लेक. पंचविशी ओलांडलेली, पण बोलणं नाही, चालणं नाही. जन्मापासून हातपाय आखडलेले. ती लहान असताना कुणीतरी सुचवलं म्हणून त्यांनी घरात टब बसवून घेतला होता. कोमट पाण्यात सोडली की हळूहळू तिची मान सैल व्हायची, गुडघे सुटायचे, दिवसभर आवळलेल्या मुठी उघडायच्या. पाण्यावर तरंगत ती छताकडे बघायची आणि गळ्यातल्या गळ्यात काहीतरी गुणगुणायची. बाबांनी तिला हे नाव तेव्हाच ठेवलं. खरं नाव फक्त दवाखान्यात लागायचं.

इस्पितळातून घरी आल्यावर बाबांनी पहिली गोष्ट काढली ती टबाची. टब काढून टाकू, शॉवर बसवू. चाकांची खुर्ची सरळ आत नेता येईल, उचलायला नको. पाणी कमी लागेल, वेळ कमी लागेल, घसरायची भीती नाही. ते बोलत होते आणि आई शिलाई मशीनवर पडद्याची पट्टी दुमडत होती. ती घरबसल्या लोकांचे पडदे शिवून द्यायची.

"सोयीचं म्हणताय," ती म्हणाली. "सोय कुणाची?"



मग बरेच दिवस तिने मासोळीला अंथरुणातच ओल्या कपड्याने पुसून काढलं. मासोळी सगळं निमूट करून घ्यायची आणि न्हाणीघराच्या दाराकडे बघत राहायची. एका दुपारी बाबा डोळा लागून पडले असताना आईने पडद्याच्या जाड कापडाची झोळी शिवली, मासोळीला तिच्यात घेतलं आणि एकटीने टबात उतरवलं. उतरवणं जमलं. मुलगी पाण्यात सैलावली, गुणगुणली. वर काढताना मात्र आईच्या कमरेत लचक भरली, झोळी तिरपी झाली आणि मासोळी नडगी काठावर आपटून परत पाण्यात घसरली. झोप मोडून बाबा आले तेव्हा आई टबातच बसली होती, साडीसकट, लेकीचं डोकं पाण्यावर धरून. शेजारचे धावून आले म्हणून दोघी बाहेर निघाल्या.

नडगीवरचा काळानिळा डाग उतरायच्या आधीच आईने स्वतः मिस्त्रीला बोलावलं. टब अख्खा दारातून निघेना. जागेवरच फोडावा लागला. चांगला होता हो, मिस्त्री हळहळला. आई मासोळीच्या खोलीत दार लावून बसली. बाहेर घण पडत होते आणि प्रत्येक घावाला मासोळी दचकत होती. शेवटी त्याने उंबराही काढला, फरशीला उतार दिला आणि हाताच्या उंचीवर नळीचा, काढून हातात घेता येणारा शॉवर लावून दिला.

पहिल्या दिवशी डोक्यावर पाणी पडताच मासोळी किंचाळली. खुर्चीच्या पट्ट्यांत तिचं अंग धनुष्यासारखं ताणलं. आईने पाणी बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. शेवटी तशीच साबण लागलेली मुलगी तिने पंच्याने पुसली आणि बाहेर येऊन बाबांवर पहिल्यांदाच आवाज चढवला. एवढंच सुख होतं तिला, तेही काढून घेतलंत, असं म्हणाली. तुमच्या छातीत दुखलं म्हणून.

बाबा पाठमोरे उभे होते. वळले नाहीत.

"मी एक जागा बघून आलो," ते म्हणाले. "तुला डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं होतं, त्या दिवशी. आपल्यामागे मासोळीसारख्यांना ठेवून घेतात तिथं. माणसं बरी आहेत. स्वच्छता आहे."

आई पंचा पिळत होती. तिचे हात थांबले.

"तिथं टब नाही. सगळ्यांना खुर्चीवर बसवून शॉवरखालीच आंघोळ घालतात. मला वाटलं, तेव्हा एकदम नको. आपण आहोत तोवर सवय झालेली बरी."

 थोड्या वेळाने आईने शॉवरमधलं पाणी पुन्हा कोमट करून घेतलं.

तिने पायांपासून सुरुवात केली. आधी नुसते तळवे, मग घोटे. चेहऱ्यावर पाणी नाहीच, तिथे ओला हात फिरवायचा. पाठीवर पाणी सोडताना तेच टबातलं गुणगुणणं आई स्वतः करायची. सूर चुकायचा आणि मासोळी तिच्याकडे आश्चर्याने बघायची. किंचाळणं कमी झालं. मग नुसतं कण्हणं राहिलं. मग तेही थांबलं.

त्यानंतर त्यांनी एक मदतनीस बाई ठेवली. आईने तिला सगळं दाखवलं: पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं, पाय, पोटऱ्या, केस सगळ्यांत शेवटी. काही दिवस आई खुर्चीला लागून उभी राहिली, मग दारात. मासोळीची नजर तिला शोधत दाराशी यायची. एके सकाळी बाबांनी डोळ्यांनीच खुणावलं तशी आई पंचा घेऊन दाराबाहेर थांबली. दार लोटलं गेलं.

पाण्याचा आवाज आला, बाईचं बोलणं आलं, आणि मध्येच मासोळीचं हसणं. आई कान देऊन ऐकत राहिली. हाक येईल, रडणं येईल, म्हणून तिचा एक हात दारावर होता. तसं काही आलं नाही.

दार उघडलं. मासोळी खुर्चीत ओली, लालबुंद, प्रसन्न.

"किती शहाणी आहे हो तुमची लेक," बाई कौतुकाने म्हणाली. "एकदासुद्धा तुम्हाला शोधलं नाही तिनं."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि पंचा मुलीच्या डोक्यावर टाकून ती केस पुसायला लागली. केस कोरडे झाले तरी ती पुसतच राहिली.