काकांच्या आवाजाची डिस्क

मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे, आणि मित्रांनो, आज माझे डोके फिरलेले आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगावी अशी रीत आहे. मला ती जमणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेथे माझ्या पोटात डिस्कवर लिहिणारा एक बारीक किरण बसवला गेला. मग मी या घरातल्या संगणकात आलो. संगणक बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या समोरच. तो घेतला काकांनी. त्यांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान होते, आणि दुरुस्ती करताना स्वतःचे व्हिडिओ काढण्याचा त्यांना भारी नाद. व्हिडिओत मशीन कमी आणि गप्पाच जास्त. मध्येच स्क्रू हरवला की ते काकूंना हाक मारत आणि काकू आतून सांगत, तुमच्याच खिशात बघा.

घरातली लग्ने, सहली, बाळांची पहिली पावले, सगळे मीच डिस्कवर उतरवले. तेव्हा शेजारीपाजारीही माझे कौतुक करत. पुढे पेन ड्राइव्ह आले, फोन आले, आणि मला कोणी विचारेनासे झाले. त्याचा मला राग नाही.

राग वेगळाच आहे. काका वारले. काकूंना संगणक जमत नाही, पण टीव्ही आणि त्याखालचा डीव्हीडी प्लेअर त्या झोकात चालवतात. त्यांनी मोठ्या पुतण्याला विनवले, की ह्यांचे व्हिडिओ एका डिस्कवर घालून दे, म्हणजे दुपारी माझी मी लावून बघेन. या नोकरदार पुतण्याला घरात सगळे उस्ताद म्हणतात. का म्हणतात, देव जाणे.

उस्तादाने पडद्यावरची काकांच्या व्हिडिओंची चित्रे उचलली आणि माझ्याकडे ढकलली. त्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक छोटा बाण होता. मित्रांनो, असा बाण असलेले चित्र म्हणजे व्हिडिओ नव्हे, व्हिडिओचा नुसता पत्ता. खरा माल संगणकात दुसरीकडेच असतो. एवढ्या व्हिडिओंना मला निम्मी दुपार लागली असती. काम चुटकीसरशी संपले. मला वाटले, आता तरी याला शंका येईल. कसली शंका आणि कसले काय!

"बघ काकू," तो म्हणाला, "जुना असला तरी काय फास्ट आहे हा."

माझ्या वाट्याला आलेले सर्वांत संतापजनक कौतुक ते हेच. मला तोंड असते तर मी घर डोक्यावर घेतले असते. पण मला फक्त ट्रे बाहेर काढता येतो. तो मी काढला.

आणि संगणक फार हळू चालतो म्हणून उस्तादाने लगोलग तो पुसून कोरा केला आणि त्यात सगळे प्रोग्रॅम नव्याने भरले. डिस्क एकदा लावून बघण्याइतकाही दम त्याला नव्हता.

संध्याकाळी काकू चष्मा पुसून टीव्हीसमोर बसल्या. पडदा निळाच राहिला. उस्ताद म्हणाला, प्लेअर बिघडलाय. नवा आणला, तरी निळाच. मग डिस्कवर चरे असतील म्हणून त्याने तिला टूथपेस्ट घासली. कोऱ्या करकरीत डिस्कला! शेवटी खापर माझ्यावर फुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मग कुठे त्याने ती डिस्क पुन्हा माझ्यात घालून उघडली, बाण बघितले आणि त्याचा चेहरा उतरला. संगणक दुरुस्तीवाल्यानेही मान हलवली. त्यावर नवीन भरलेय, आता काही परत मिळायचे नाही, म्हणाला.

काकू चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. त्या खुर्ची ओढून उस्तादाजवळ बसल्या.

"ते मला हाक कशी मारायचे, तेवढं करून दाखव रे. लहानपणी तू त्यांची नक्कल करायचास. मला आता नीट आठवेनासं झालंय."

त्याने घसा खाकरला. मग हाक मारली, पण आवाज त्याचाच निघाला.

"नाही रे," काकू म्हणाल्या, "असा नव्हता."

मित्रांनो, मी पडलो सांगकाम्या. तुम्ही द्याल तेवढेच लिहितो, आणि काय दिले नाही ते मला सांगता येत नाही. म्हणून मूळ पुसण्याआधी डिस्क लावा आणि आपले माणूस तिच्यात बोलते आहे ना, हे कानांनी ऐका. कंटाळा आला तरी ऐका.